भानामतीची चेटकीण कधी झाली?

व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर सिनेमे बघायचे दिवस सरले आणि सीडीवर स्वस्तातले भयपट आले. त्यातला भानामतीवरचा एक मी उमरग्याकडच्या पाहुण्यांच्या ओसरीत, सतरंजीवर बसून बघितला. पडद्यावर मोकळ्या केसांची, काळ्या लुगड्यातली म्हातारी होती. ती भानामती नव्हती, चेटकीण होती. हा घोळ तेव्हापासून मनात आहे.

आपल्याकडे भानामती 'होते'. पत्र्यावर दगड पडतात, दोरीवरचं लुगडं पेट घेतं, एखादी सासुरवाशीण भरदुपारी कुत्र्यासारखी भुंकायला लागते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. बिब्ब्याचं तेल लागल्या लागल्या काही कळत नाही; काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी कातडी लाल होऊन फोड येतात. तोवर लावणारा हात कुणाच्या ध्यानातही नसतो. 'करणारा कोण' हे पुढे जाणत्याच्या, म्हणजे देवऋष्याच्या, दारात ठरतं. म्हणजे त्रास आधी, नाव मागून. चेटकिणीचं उलटं: बाई आधी ठरलेली, गावातलं दुखणंखुपणं मागाहून तिच्या नावावर.

शब्दाचा पसाराही वेगळा आहे. तेलुगूत बाणामती, बीदर-कलबुर्गीकडच्या कन्नडमध्ये बानामती. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण हा शब्द तिन्ही भाषांत राहिला. त्याला सरसकट 'चेटूक' म्हणणं मला पटत नाही.

सिनेमाला मात्र चेहरा लागतो. दगड पडायला पत्र्याचं घर पुरतं, पेट घ्यायला पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीनचे चार थेंब पुरतात. मांत्रिक हेच करतो आणि गावोगाव प्रबोधन करणारे कार्यकर्तेही हेच करून दाखवतात. पण दोन तास भीती टिकवायची तर कुणीतरी समोर दिसलं पाहिजे. ऐंशीच्या दशकातल्या हिंदी भयपटांतली चुडैल तयारच होती. तिला नऊवारी नेसवली की काम भागलं.

पुढे महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. २००५ साली विधानसभेत मंजूर झालेलं विधेयक विधान परिषदेत अडकलं. ऑगस्ट २०१३ मध्ये अध्यादेश आणि डिसेंबरात कायदा झाला. बराच वाद शब्दांवर झाला: श्रद्धा कुठे संपते नि अंधश्रद्धा कुठे सुरू होते? कायद्याच्या अंतिम नावात 'अंधश्रद्धा' नाही, 'जादूटोणा' आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये.

अशा सिनेमांच्या सुरुवातीला 'अंधश्रद्धेला प्रोत्साहन देण्याचा हेतू नाही' अशी पाटी येते. मी पाहिलेल्या सिनेमाच्या शेवटी मात्र गावकरी त्या म्हातारीला मारत, ओढत वेशीपर्यंत नेतात आणि मागे ढोल वाजतो. करणी किंवा चेटूक केल्याच्या सबबीखाली मारहाण करणं, नग्न धिंड काढणं हे कायद्याच्या अनुसूचीत गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. ओसरीत त्या प्रसंगाला टाळ्या पडल्या होत्या.