टिटॅनियाची भाजणी: एका शब्दात अडकलेल्या तीन क्रिया

'कॅल्सिनेशन' हा शब्द आला चुन्याच्या भट्टीतून. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. उष्णतेने काहीतरी बाहेर काढणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

१९७२ मध्ये टिटॅनियम डायऑक्साइडच्या (म्हणजेच टिटॅनियाच्या) रुटाइल या रूपातल्या स्फटिकावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन दाखवले गेले. १९९१ च्या रंगद्रव्य-सौरघटाने (यात प्रकाश रंगद्रव्य शोषते) याच ऑक्साइडच्या नॅनोकणांचा सच्छिद्र थर पुढे आणला आणि मफल फर्नेसमधली, म्हणजे बंद भट्टीतली, भाजणी हा कळीचा टप्पा ठरला.

गोंधळ इथूनच वाढला. सोल-जेल पद्धतीची, म्हणजे द्रावणाचा जेल करून वाळवलेली पूड बहुधा अस्फटिकी असते; तिच्यात अणूंची ठरलेली रांग नसते. ती ४००-५०० अंशांवर ठेवली की पाणी आणि सेंद्रिय अवशेष निघून जातात, अणू रांगेत बसून टिटॅनियाचे दुसरे स्फटिकरूप असलेला अ‍ॅनाटेज घडतो आणि शेजारचे कण एकमेकांना चिकटू लागतात. पहिले कॅल्सिनेशन, दुसरे अ‍ॅनिलिंग, तिसरे सिंटरिंग. शोधनिबंधांत मात्र सरसकट 'कॅल्साइन केले' असे लिहिले जाते, आणि हे मला घातक वाटते. सौरघटवाल्याला कण जोडलेले हवेत, कारण इलेक्ट्रॉन त्या जोडांतूनच वाहतो. उत्प्रेरकवाल्याला तेच जोड नको असतात, कारण त्यांत पृष्ठफळ गिळले जाते. वाक्य दोघांचे एकच.

'अ‍ॅनाटेजचा ६०० अंशांना रुटाइल होतो' हे विधानही असेच सैल आहे. प्रत्यक्ष नोंदी ४०० पासून १२०० अंशांपर्यंत पसरल्या आहेत. अशुद्धी, कणांचा आकार, भट्टीतली हवा, सगळ्यांचा त्यात हात. १९९८ मध्ये पृष्ठ-ऊर्जेचे गणित मांडले गेले, त्यानुसार सुमारे १४ नॅनोमीटरच्या खाली अ‍ॅनाटेजच अधिक स्थिर. म्हणजे उष्णता आधी कण वाढवते, मग रूप पालटते. क्ष-किरण आलेखात हे डोळ्यांनी दिसते: २५.३ अंश कोनावरचे (तापमान नव्हे) अ‍ॅनाटेजचे शिखर आधी अरुंद होते, मग २७.४ जवळ रुटाइलचा छोटा उंचवटा डोके काढतो. शिखराच्या रुंदीवरून आकार काढायचे १९१८ चे सूत्र स्फटिकाचा आकार सांगते, कणाचा नव्हे; एका कणात अनेक स्फटिक असू शकतात.

रूप पालटले की ऊर्जा-अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ वरून ३.० इलेक्ट्रॉन-व्होल्टवर येते. रुटाइल त्यामुळे थोडा जास्त प्रकाश शोषतो, तरी उत्प्रेरक म्हणून तो बहुधा मागेच पडतो. साधारण ८०:२० अ‍ॅनाटेज-रुटाइल मिश्रणाची बाजारातली पूड अनेक चाचण्यांत वरचढ ठरली. का, यावरचा वाद अजून चालू आहे.