जायंट्सची जुनी रीत

सप्टेंबर २०२५ मध्ये पहिले तिन्ही सामने हरल्यावर न्यूयॉर्क जायंट्सने छत्तीस वर्षांच्या रसेल विल्सनला बाकावर बसवलं आणि जॅक्सन डार्ट या नवख्या पोराला क्वार्टरबॅक केलं. अमेरिकी फुटबॉलमध्ये संघाची जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. त्यामुळे हा बदल गाजतोच. जायंट्सच्या घरात मात्र तो नवा नाही.

२००४ मध्ये जायंट्सने ईलाय मॅनिंगसाठी खिसा रिकामा केला होता. सॅन डिएगोच्या संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला पहिलं निवडलं, पण तिथे खेळायची त्याची तयारी नव्हती. मग स्वतः निवडलेला फिलिप रिव्हर्स आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क देऊन जायंट्सने त्याला आणलं. तोवर गाडा ओढायला कर्ट वॉर्नर होता, दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. नऊ सामन्यांत पाच विजय, चार पराभव. वाईट म्हणावं असं त्यात काही नव्हतं, तरी नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक टॉम कफलिनने त्याला बसवलं. मॅनिंग सलग सहा सामने हरला. बाल्टिमोरविरुद्ध तर अठरा फेकींपैकी चारच सहकाऱ्यांच्या हाती लागल्या, मिळाले २७ यार्ड. कफलिनने तरी पुढच्या सामन्यात त्यालाच उतरवलं. पुढे याच मॅनिंगने न्यू इंग्लंडच्या संघाला हरवून दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकून दिले. (वॉर्नरचं नशीब बघा: पुढे ॲरिझोनातही मॅट लाइनार्ट या नवख्यासाठी त्याला जागा सोडावी लागली. ती त्याने परत मिळवली आणि संघाला सुपर बोलपर्यंत नेलं.)

२०१९ मध्ये पाळी मॅनिंगची आली. दोन पराभव झाले आणि डॅनियल जोन्स आत आला. टॅम्पातल्या पहिल्याच सामन्यात मध्यंतराला संघ २८-१० असा मागे होता. शेवटच्या दीड मिनिटात चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात जोन्स स्वतःच चेंडू घेऊन सात यार्ड धावला आणि ३२-३१ असा निकाल लागला. तेवढ्या दिवसापुरतं सगळ्यांना पटलं, की दुसरा मॅनिंग सापडला. तो सापडला नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये जोन्सलाही नारळ मिळाला.

विल्सन आला तो या रिकाम्या जागेवर. त्याच्याशी करार झाला मार्चमध्ये, तोही एकाच वर्षाचा. एप्रिलमध्ये जायंट्सने ह्यूस्टनशी सौदा करून पंचविसावी निवड मिळवली आणि डार्टला घेतलं.