त्रैक्याचा सिद्धांत: बायबलमधील आधार आणि चौथ्या शतकातील वाद

देव एकच आहे आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत आहे, ही ख्रिस्ती श्रद्धा चौथ्या शतकातील धर्मसभांनी शब्दबद्ध केली. म्हणून ती ग्रीक तत्त्वज्ञानातून किंवा रोमन सम्राटाच्या हुकुमातून आली, असे पुष्कळदा सांगितले जाते. त्यात तथ्य एवढेच की या सिद्धांताची परिभाषा उशिरा घडली. ज्या प्रश्नामुळे ती घडवावी लागली तो प्रश्न नव्या कराराच्या अगदी जुन्या पत्रांतही आहे.

येशूचे पहिले शिष्य यहूदी होते. आपला देव परमेश्वर एकच आहे, हे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील वचन यहूदी प्रार्थनेच्या केंद्रस्थानी होते आणि शिष्यांनी ते कधीही टाकले नाही. तरीही इ.स. ५५च्या सुमारास प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की, आपला एकच देव म्हणजे पिता, ज्याच्यापासून सर्व झाले, आणि एकच प्रभू येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व झाले (१ करिंथ ८:६). सृष्टी निर्माण करणे हे यहूदी श्रद्धेनुसार केवळ देवाचे काम. तेथे पौलाने ख्रिस्ताला पित्याच्या शेजारी ठेवले, तेही देव एकच आहे हे ठासून सांगतानाच. त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता या आशीर्वादाने होतो. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात बाप्तिस्म्याची आज्ञा तिघांचा उल्लेख करते, पण ‘नाव’ मात्र एकवचनी ठेवते. योहानाच्या शुभवर्तमानात शब्द (म्हणजे ख्रिस्त) प्रारंभी देवाबरोबर होता आणि शब्द देव होता, असे एकाच वचनात म्हटले आहे. या वचनांना सिद्धांत म्हणता येणार नाही. पण त्यांना एकत्र वाचणाऱ्याला उत्तर शोधणे टाळता येत नाही.

उपासना मात्र उत्तरासाठी थांबली नव्हती. इ.स. ११२च्या सुमारास बिथिनियाचा रोमन अधिकारी प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की, हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तवन गातात. पुढे ज्या नायसियात पहिली मोठी धर्मसभा भरली ते शहर याच बिथिनियातले.

तिसऱ्या शतकारंभी साबेलियसच्या नावाने ओळखले जाणारे मत पुढे आले, की पिता, पुत्र आणि आत्मा ही एकाच देवाची तीन रूपे आहेत. येशूच्या बाप्तिस्म्याच्या प्रसंगीच हे मत अडते, कारण तेथे पुत्र नदीत उभा असताना आत्मा उतरतो आणि पित्याची वाणी होते. एक तत्त्व, तीन व्यक्ती ही लॅटिन मांडणी याच काळात टर्टुलियनने केली.

खरा पेच सुमारे ३१८ साली अलेक्झांड्रियात उभा राहिला. तेथील मंडळीचा एक वडील, म्हणजे पाळक, आरियस याचे म्हणणे असे होते की पुत्र सर्वांत श्रेष्ठ, पण निर्माण केलेला आहे. तो नव्हता असाही एक क्षण होता. आरियस शास्त्र नाकारत नव्हता. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हे योहानातील वचन आणि ख्रिस्ताशी जोडले जाणारे ज्ञान ‘निर्माण केले’ असे ग्रीक भाषांतरात सांगणारा नीतिसूत्रांचा आठवा अध्याय त्याच्या बाजूने मांडला जाई. ३२५ साली नायसियात काय घडले याचे आरियसचा विरोधक अथनासियस याने दिलेले वर्णन म्हणूनच महत्त्वाचे आहे. पुत्र ‘देवापासून’ आहे, असे बिशपांनी म्हणून पाहिले. आरियसच्या समर्थकांना ते चालले, कारण सर्वच देवापासून आहे. पुत्र देवाचे ‘सामर्थ्य’ आहे, असे म्हटले. तेही चालले, कारण योएलाच्या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतरात टोळांनाही देवाचे मोठे सामर्थ्य म्हटले आहे. हे समर्थक एकमेकांना खुणावत होते, असे अथनासियस लिहितो. प्रत्येक शास्त्रवचनाला दुसरा अर्थ लावता येतो असे दिसल्यावर ‘पित्याशी एकतत्त्व’ हा बायबलबाहेरचा शब्द निवडला गेला, तो बायबलच्याच अर्थाचे रक्षण करण्यासाठी.

सम्राटाने सिद्धांत लादला असता तर वाद तेथेच संपला असता. प्रत्यक्षात सम्राट कॉन्स्टंटाइनला ३३७ साली मृत्युशय्येवर बाप्तिस्मा दिला तो आरियसच्या बाजूच्या बिशपाने. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस नायसियाच्या विरोधकांचा पाठीराखा होता, आणि अथनासियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. ३८० साली सम्राट थिओडोसियसने नायसियाची बाजू घेतली हे खरे आहे, पण तोवर विचाराचे मुख्य काम झाले होते. कप्पदुकियाच्या बासिलने व दोन ग्रेगरींनी एक तत्त्व आणि तीन व्यक्ती यांतील भेद ग्रीकमध्ये स्पष्ट केला होता. पित्याचे गौरव ‘पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’ असे गाण्यावर आक्षेप आला तेव्हा बासिलने बाप्तिस्म्याच्याच शब्दांचा आधार घेतला: ज्या नावाने बाप्तिस्मा, त्याच नावाचे गौरव. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत विधानात, आत्म्यासाठी ‘एकतत्त्व’ हा शब्द नाही; पित्याबरोबर आणि पुत्राबरोबर त्याची आराधना व गौरव होतो, एवढेच तेथे म्हटले आहे, आणि माझ्या मते ते पुरेसे आहे.

स्वर्गात साक्ष देणारे पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत, हे १ योहान ५:७चे रूप आधार म्हणून अजूनही पुढे केले जाते. ते नंतर घातलेले आहे. विद्वान इरॅस्मसने छापलेल्या ग्रीक नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९च्या आवृत्त्यांत ते नव्हते. टीकेनंतर १५२२ साली ते आले. आरियसशी वाद घालणाऱ्या ग्रीक धर्मपित्यांनी या वाक्याचा कधीही आधार घेतला नाही. त्यांचा सारा युक्तिवाद त्याच्याशिवायच उभा आहे.