वयाचा भेदभाव: हेतू आणि परिणाम यांची गल्लत

अमेरिकेत आयटीत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींना १९६७ चा वयभेदविरोधी कायदा बऱ्यापैकी माहीत असतो. चाळिशी गाठलेल्यांना संरक्षण आणि किमान २० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू, एवढे लक्षात असले की पुरते. घोळ होतो तो पुढे.

'त्या टीममध्ये सगळी तिशीच्या आतली मुले आहेत, म्हणजे मला वयामुळेच नाकारले,' हे वाक्य ले-ऑफनंतर हमखास ऐकू येते. त्यात दोन निराळे आरोप एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला आरोप हेतूचा. तो सिद्ध करणे अवघड, कारण २००९ च्या ग्रॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की वय हे अनेक कारणांपैकी एक होते एवढे दाखवून भागत नाही. वय आड आले नसते तर निर्णय वेगळा झाला असता, हे सिद्ध करावे लागते.

दुसरा आरोप परिणामाचा: अटीत वयाचा उल्लेख नसतो, पण तिचा फटका ज्येष्ठांनाच बसतो. केअरफ्यूजन कंपनीने वकिलाच्या जागेसाठी दिलेल्या जाहिरातीत 'तीन ते सात वर्षे, सातपेक्षा जास्त नाही' एवढाच अनुभव मागितला होता. पन्नाशी उलटलेल्या, दीर्घ अनुभवाच्या माणसाला दार बंद करायला तेवढे पुरे होते. परिणामाचा असा दावा कर्मचाऱ्याला करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मान्य केले. मात्र नोकरीसाठी अर्ज करणारा हा 'कर्मचारी' नव्हे, म्हणून त्याला हा मार्ग खुला नाही, असा निकाल शिकागोच्या सातव्या सर्किट न्यायालयाने (सर्किट म्हणजे काही राज्यांच्या गटासाठीचे संघीय अपील न्यायालय) २०१९ मध्ये केअरफ्यूजनविरुद्धच्या खटल्यात दिला. अटलांटाचे अकरावे सर्किट २०१६ मध्येच तसे म्हणाले होते. उत्तर कॅलिफोर्नियातल्या संघीय जिल्हा न्यायालयाने मात्र २०१७ मध्ये अर्जदारांचा असाच दावा ग्राह्य धरला.

मला शिकागोचा निकाल मुळीच पटत नाही. भेदभाव सर्वांत सहज होतो तो दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाशी, आणि हे संरक्षण नेमके त्यालाच नाकारले गेले. पण न पटणारा निकालही त्या सर्किटमध्ये बंधनकारक असतो, म्हणून 'अनुभवाची कमाल मर्यादा म्हणजे बेकायदा वयोमर्यादाच' असे बिनदिक्कत सांगणे थांबवावे. आपला आरोप हेतूचा की परिणामाचा आणि आपण कोणत्या राज्यात अर्ज केला, हे आधी ठरवावे, जाहिरात आणि रिक्रूटरचे ईमेल जपून ठेवावेत आणि समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत साधारण १८० दिवसांची, काही राज्यांत ३०० दिवसांची असते, हे ध्यानात ठेवावे.