टेहळणीवरच्या निबंधाचं बक्षीस

ब्रिटिश हवाई दलात, पहिल्या महायुद्धात गेलेल्या गॉर्डन शेफर्ड या वैमानिकाच्या स्मरणार्थ, निबंधाचं एक जुनं बक्षीस आहे. पैसे वडिलांनी ठेवले, मुलगा गेल्यावर. निबंध टेहळणीवर किंवा तिच्याशी नातं सांगणाऱ्या विषयावर हवा. लिहिणारा हवाई दलातला हवा, मग तो अधिकारी असो की साधा हवाई सैनिक. पहिल्या महायुद्धातले वैमानिक म्हटले की आपल्याला आठवतात ते विमानं पाडणारे. मग या बापाने टेहळणीच का निवडली असेल?

गॉर्डनचा जन्म मद्रासचा, १८८५ सालचा. वडील सर होरॅशियो हेल शेफर्ड तिथल्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. आपल्याकडच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यावरच्या एका जुन्या भाष्यग्रंथाच्या दोन लेखकांपैकी एक तेच. मुलाचं शिक्षण ठरल्या वाटेने झालं. ईटन, सँडहर्स्ट, १९०५ मध्ये पायदळात कमिशन. जीव मात्र रमायचा तो शिडाच्या नौकेत. सुट्टी मिळाली की नकाशा, होकायंत्र आणि उत्तरेकडचा समुद्र. १९१२ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश लष्कराच्या विमानदलाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी तो विमान चालवायला शिकून त्यात दाखल झाला. वारा ओळखणं, किनाऱ्याच्या खुणांवरून आपण कुठे आहोत ते ताडणं, हे समुद्रावर अंगवळणी पडलेलं होतं. त्या काळच्या उघड्या विमानात याहून वेगळं काय लागायचं!

१९१४ च्या जुलैमधली गोष्ट मात्र चक्रावून टाकणारी आहे. आयर्लंडच्या स्वराज्यावरून वातावरण तापलेलं. स्वराज्याच्या विरोधातल्या अल्स्टरवाल्यांनी, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातल्या लोकांनी, एप्रिलमध्ये हजारो बंदुका चोरून उतरवल्या होत्या. त्याला उत्तर म्हणून स्वराज्यवाद्यांसाठी हॅम्बुर्गमध्ये १५०० जुन्या माउझर बंदुका विकत घेतल्या गेल्या आणि त्यातल्या ९०० आणण्याचं काम एर्स्किन चिल्डर्स या लेखकाने अंगावर घेतलं, स्वतःच्या ‘असगार्ड’ या शिडाच्या नौकेतून. सोबत बायको मॉली, मेरी स्प्रिंग राइस, डोनेगॉलचे दोन कोळी आणि रजेवर आलेला ब्रिटिश सेनाधिकारी गॉर्डन शेफर्ड!

१२ जुलैला बेल्जियमच्या किनाऱ्यालगतच्या एका दीपनौकेपाशी (जहाजांना वाट दाखवणारा दिवा असलेली नांगरलेली नौका) जर्मन टग, म्हणजे ओढबोट, भेटली. पेंढ्यात गुंडाळलेल्या बंदुकांच्या मोळ्या अंधारात हातोहात खाली जाऊ लागल्या. सामानाने केबिन इतकी भरली की पुढचे दिवस जेवण बंदुकांवर आणि झोपही बंदुकांवर. परतताना रात्री ब्रिटिश आरमाराच्या ताफ्याजवळून जावं लागलं. २६ जुलैला डब्लिनजवळच्या हौथ बंदरात माल उतरला. संध्याकाळी शहरात सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. हे उघडकीला आलं असतं तर शेफर्डची नोकरी तर गेलीच असती. पण ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरलं आणि तो आपल्या चौथ्या स्क्वाड्रनबरोबर फ्रान्सला गेला.

तेव्हाची टेहळणी म्हणजे मांडीवर नकाशा, हातात पेन्सिल आणि खाली रस्त्यावरची धूळ. सैन्याची रांग रस्त्यावर किती लांब पसरली आहे त्यावरून माणसांचा अंदाज बांधायचा, उतरायचं आणि धावत जाऊन सांगायचं. खालचे आपलेच शिपाई वर गोळ्या झाडत, कारण विमान आपलं की शत्रूचं हे त्यांना कळत नसे. २२ ऑगस्टला मॉन्सजवळ अशाच उड्डाणांतून कळलं की जर्मन फौजा ब्रिटिशांची डावी बगल गाठायला निघाल्या आहेत. पुढे कॅमेरा आला. मार्च १९१५ मध्ये नव्ह शापेलला गढवाली पलटणी ज्या खंदकांवर धावून गेल्या, त्यांचे नकाशे विमानातून घेतलेल्या फोटोंवरून काढलेले होते. लढाऊ विमानांचा बोलबाला झाला खरा, पण माझ्या मते त्यांचं मुख्य काम या फोटो काढणाऱ्या संथ विमानांना वाट मोकळी ठेवणं हेच होतं.

शेफर्ड भराभर चढत गेला. १९१५ मध्ये स्क्वाड्रनप्रमुख, मग विंग, १९१७ मध्ये पहिल्या ब्रिगेडचा प्रमुख, ब्रिगेडिअर जनरल. हाताखालच्या स्क्वाड्रनना भेटायला तो स्वतः विमान घेऊन जायचा. १९ जानेवारी १९१८ ला फ्रान्समधल्या ऑशेलच्या मैदानाशी उतरताना त्याचं न्यूपोर विमान गिरक्या घेत कोसळलं. वय ३२. रॉयल फ्लाइंग कोअरने युद्धात गमावलेला हा सर्वांत वरच्या हुद्द्याचा अधिकारी. अडीच महिन्यांनी, १ एप्रिलला, ते दलच रॉयल एअर फोर्समध्ये विलीन झालं.

टेहळणीच्या कामगिरीची आठवण ठेवण्याची रीत त्याआधीचीही आहे. सिमल्याच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या लष्करी अभ्याससंस्थेने १८८८ मध्येच मॅकग्रेगर पदक सुरू केलं होतं, तेही टेहळणीसाठीच. पण ते प्रत्यक्ष मुलूख पालथा घालणाऱ्याला. शेफर्डचं बक्षीस बसून, विचार करून लिहिणाऱ्याला. कायद्यावर भाष्य लिहिणाऱ्या बापाला हे सुचणं साहजिकच म्हणायचं.

चिल्डर्सला नोव्हेंबर १९२२ मध्ये, आयर्लंडमधल्या यादवीत, आयर्लंडच्याच सरकारने गोळ्या घालून ठार केलं. असगार्ड आज डब्लिनच्या कॉलिन्स बॅरॅक्समधल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, म्हणजे एके काळच्या ब्रिटिश छावणीत.