नॅरोबँड आणि वाइडबँड: ०.८५ व्होल्टवर विसंबू नका

नागपुरात गाडीच्या ट्यूनिंगचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतो, "आहे त्याच ऑक्सिजन सेन्सरच्या वायरवर मीटर लावा, फुल थ्रॉटलला ०.८५ व्होल्ट आले म्हणजे मिक्स्चर बरोबर." मिक्स्चर म्हणजे इंजिनात जाणारे हवा आणि पेट्रोलचे मिश्रण. हा सल्ला चुकीचा आहे.

कंपनीच्या गाडीत बहुधा नॅरोबँड प्रकारचा ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून तो मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी) आहे की रिच (पेट्रोल जास्त) हे सांगतो. लीन मिक्स्चरला साधारण ०.१ व्होल्ट, रिचला ०.८ ते ०.९ व्होल्ट, आणि पेट्रोलच्या १४.७ या संतुलित हवा-इंधन गुणोत्तराजवळ, म्हणजे लॅम्डा १ ला (लॅम्डा म्हणजे प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले संतुलित गुणोत्तर), एकदम उडी. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नीट काम करता यावे म्हणून ईसीयू (इंजिनाचा संगणक) मिक्स्चर याच लॅम्डा १ च्या रेषेच्या आजूबाजूला हलवत ठेवतो आणि तेवढ्यासाठी हा सेन्सर उत्तम आहे.

गोंधळ होतो तो उडीच्या पलीकडे, रिच बाजूला. पूर्ण ताकदीसाठी पेट्रोल इंजिनाला साधारण १२.५ ते १३ गुणोत्तर लागते, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात नॅरोबँडचा आलेख जवळजवळ आडवा असतो. मिक्स्चर बरेच बदलले तरी व्होल्टेज अगदी थोडे हलते. उलट मिक्स्चर तेच राहून सेन्सरचे तापमान बदलले तरी ते तितकेच हलू शकते. सेन्सर थंड असेल तर व्होल्टेज जास्त दिसते, तापला की कमी. म्हणजे ०.८५ व्होल्ट हे एकदा पुरेसे रिच मिक्स्चर असू शकते आणि दुसऱ्यांदा धोकादायक लीनच्या जवळचे, आणि मीटरवरून दोन्ही ओळखता येत नाहीत. मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, इंजिनात शिरणारी हवाच तापलेली असल्याने नॉकिंगचा (मिश्रण अवेळी पेटून इंजिनाला ठोके बसण्याचा) धोका आधीच वाढलेला असतो. अशा वेळी वर्धा रोडवर फुल थ्रॉटल देऊन केलेल्या या अंदाजाची किंमत पिस्टन मोजतो. नॅरोबँडला जोडायचे रंगीत दिव्यांचे 'एएफआर गेज' (हवा-इंधन गुणोत्तर दाखवणारे मीटर) तर मला शोभेची वस्तूच वाटते.

वाइडबँड सेन्सर वेगळा प्रश्न विचारतो. त्याच्या आत एक बारीक पोकळी असते; एक्झॉस्टचा वायू तिच्यात झिरपतो आणि पंप सेल ऑक्सिजन आत किंवा बाहेर ढकलून त्या पोकळीतले मिश्रण सतत लॅम्डा १ वर धरून ठेवतो. त्यासाठी किती करंट लागला आणि कोणत्या दिशेने, हेच माप. नॅरोबँड फक्त रेषेची कोणती बाजू ते सांगतो. वाइडबँड रेषेपासूनचे अंतर सांगतो. हा करंट चालवण्यासाठी व हीटर ठरलेल्या तापमानावर ठेवण्यासाठी कंट्रोलर लागतो. म्हणून नुसता सेन्सर आणून तो नॅरोबँडच्या जागी मूळ ईसीयूला जोडणे निरर्थक आहे.

वायरी मोजून सेन्सर ओळखण्याची सवयही सोडावी. हीटर असलेल्या नॅरोबँडलाही चार वायरी असतात आणि काही टोयोटा गाड्यांतल्या डेन्सोच्या एअर-फ्युएल सेन्सरलाही चारच. पार्ट नंबर पाहावा, एवढे पुरे.

मूळ सेन्सर खराब झाला असेल तर कंपनीचा तोच घ्यावा. ट्यूनिंग करायचे असेल तर माझी निवड बॉशचा एलएसयू ४.९ आणि त्याला अनुरूप कंट्रोलर. जुना ४.२ स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नये. दोघांचे कनेक्टर व कॅलिब्रेशन वेगळे आहेत. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टमध्ये गळती असेल, किंवा मिसफायर होत असेल (सिलिंडरमधले मिश्रण पेटतच नसेल), तर वाइडबँडही खोटे लीन दाखवतो. इंजिन चालू असताना कंट्रोलर बंद ठेवून सेन्सर एक्झॉस्टमध्ये तसाच राहू देऊ नये. न तापलेल्या सेन्सरवर काजळी साचून तो लवकर निकामी होतो.

शिवाय गेज लॅम्डावर लावावे. सेन्सर मुळात लॅम्डाच मोजतो आणि गेज त्याला १४.७ ने गुणते, पण आता पंपावर मिळणाऱ्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचे संतुलित गुणोत्तर साधारण १३.५ आहे, म्हणून गेजवर दिसणारे १४.७ म्हणजे प्रत्यक्षात १३.५ असते.