आयरिश स्ट्यूतली तिपेडी वेणी

मार्च महिना आला, सेंट पॅट्रिक्स डे हा आयर्लंडचा सण जवळ आला, की आयरिश पबमधले पदार्थ घरी कसे करायचे याचे व्हिडिओ दिसू लागतात. त्यातल्या स्ट्यूच्या कृतीत एक वाक्य हमखास असतं: "मांस आधी मोठ्या आचेवर परतून घ्या, म्हणजे रस आत कोंडला जातो." ही कल्पना १८४७ साली युस्टुस फोन लीबिख या मोठ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लोकप्रिय केली. ती चुकीची आहे हे प्रयोगांनी केव्हाच दाखवून दिलं, तरी ती स्वयंपाकघरातून गेलेली नाही. खरं तर पुरावा कढईतच असतो. मांस टाकल्यावर जो चर्र आवाज होतो आणि होतच राहतो, तो बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आवाज आहे. वरचा थर खरोखर बंद झाला असता, तर आवाज थांबला असता. परतल्याने खमंग वास आणि तपकिरी रंग येतो, ते मोलाचं आहेच. पण रस काही कोंडला जात नाही.

जुन्या पद्धतीच्या आयरिश स्ट्यूत तर मांस परततच नाहीत. मेंढीच्या मानेचे तुकडे, बटाटे, कांदे, मीठ आणि पाणी, बस्स. गाजर घालावं की नाही यावर तिकडे अजून वाद होतात. मेंढी पाळायची ती लोकरीसाठी. ती म्हातारी झाली की भांड्यात जायची. चुलीत टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली वनस्पतिजन्य माती, मंद जळायची आणि तिच्यावर लोखंडी भांडं टांगलेलं असायचं. म्हाताऱ्या मेंढीचं न परतलेलं मांस, तरीही तोंडात विरघळणारं. मग हा रसाळपणा येतो कुठून?

कच्च्या मांसात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास स्नायूंच्या तंतूंमधलं मायोसिन हे प्रथिन उलगडून घट्ट होऊ लागतं, पुढे ६५ ते ७० अंशांजवळ अ‍ॅक्टिनची पाळी येते. तंतू आक्रसतात आणि पिळलेल्या पंचासारखं पाणी बाहेर टाकतात. दोन तास शिजलेल्या मटणाच्या तुकड्यात कच्च्यापेक्षा पाणी कमीच असतं. म्हणजे आपल्याला जे रसाळ लागतं ते मांसातलं मूळ पाणी नव्हेच. ते आहे वितळलेलं कोलॅजन.

कोलॅजन हे शरीराला बांधून ठेवणारं प्रथिन. स्नायूंभोवतीचे पापुद्रे, कंडरा, त्वचा, हाडं, सगळीकडे तेच. त्याचा रेणू म्हणजे अक्षरशः तिपेडी वेणी: हजारभर अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या मण्यांची, एक, अशा तीन साखळ्या एकमेकींत गुंफलेल्या. या वेणीची रचना मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता या शास्त्रज्ञांनी १९५४-५५ मध्ये मांडली. १९५२ साली मद्रासला आलेल्या जे. डी. बर्नाल या ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न अजून सुटलेला नाही असं सांगितलं, आणि रामचंद्रन त्याच्या मागे लागले. पुढे क्रिक आणि रिच या शास्त्रज्ञांनी बारकाव्यांत दुरुस्ती केली, पण तीन पेडांची मूळ कल्पना मद्रासची. स्ट्यू ढवळताना मला दरवेळी याचा आनंद होतो.

ही वेणी इतकी घट्ट बसते कशी? साखळीत प्रत्येक तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं. ते सगळ्यांत लहान, त्याच्या बाजूला फक्त एक हायड्रोजन अणू. तीन पेडांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दुसरं काही मावतच नाही. उरलेल्या जागांवर प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन ही अमिनो आम्लं बरीच असतात. त्यांच्या कड्या ताठ असल्याने साखळी वाटेल तशी वळू शकत नाही. प्रोलिनचं हायड्रॉक्सिप्रोलिन करायला क जीवनसत्त्व लागतं. ते न मिळालेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, कारण त्यांच्या नव्या वेण्या सैल पडायच्या. थंड पाण्यातल्या माशांत हायड्रॉक्सिप्रोलिन कमी, म्हणून त्यांचं कोलॅजन कमी उष्णतेतच सुटतं आणि मासा काही मिनिटांत शिजतो. उलट प्राणी म्हातारा होत जातो तसे शेजारच्या वेण्यांमध्ये रासायनिक टाके वाढत जातात. म्हाताऱ्या मेंढीला वेळ लागतो तो या टाक्यांमुळे.

साधारण ६० ते ६५ अंशांना कोलॅजन आधी आकसतं आणि मांस आणखीच पिळलं जातं. त्यानंतर, ७० च्या पुढे, पेड सावकाश सुटू लागतात आणि सुटे पेड पाण्यात उतरतात. त्यालाच आपण जिलेटिन म्हणतो. तंतू मिनिटांत आक्रसतात, वेणी सुटायला मात्र तास लागतात. म्हणून तासाभराने चाखलं तर मटण चिवट लागतं आणि पुष्कळ जण तिथेच धीर सोडतात. अजून तास-दीड तास थांबा. रस्सा खळखळून उकळू देऊ नका, अधूनमधून एखादा बुडबुडा येईल इतकीच आच ठेवा. कुकरमध्ये १२० अंशांजवळ हेच काम खूप लवकर होतं, पण बटाटे आधी घातले तर त्यांची पेज होते. मी निम्मे बटाटे सुरुवातीला घालते, ते फुटून रस्सा दाट करतात. उरलेले शेवटच्या अर्ध्या तासात.

पबमध्ये स्टाउट, म्हणजे गडद काळी बिअर, घातलेला गोमांसाचा स्ट्यूही असतो. त्यातलं अल्कोहोल "उडून जातं" हेही पूर्ण खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे अर्धा तास शिजवल्यावर सुमारे ३५ टक्के आणि अडीच तासांनी सुमारे ५ टक्के शिल्लक राहतं. लहान मुलांना वाढायचं असेल तर स्टाउट न घालता करा.

कोलॅजनच्या पावडरी विकणारे आता याच प्रथिनाच्या नावावर सुरकुत्या जातील असं सांगतात. खाल्लेलं कोलॅजन डाळीतल्या प्रथिनासारखंच पचतं, त्याची अमिनो आम्लं आणि लहान तुकडे होतात. ते उचलून थेट गालांवर नेऊन बसवण्याची सोय शरीरात नाही. महागड्या डब्याआधी पेरू आणि आवळा खा, तुमच्या वेण्या नीट गुंफल्या जायला त्यातलं क जीवनसत्त्व लागतंच.

स्ट्यू उरला तर रात्री फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी रस्सा थिजलेला, चमचा लावताच थरथरणारा दिसेल, पायाच्या सुपासारखा. गार होताना सुटलेल्या पेडांचे काही भाग पुन्हा एकमेकांना शोधतात आणि जागोजागी तिपेडी वेणी परत पडते. त्या गाठींच्या जाळ्यात सगळं पाणी अडकून बसतं. ३५ अंशांच्या आसपास ते जाळं पुन्हा सुटतं, आणि जीभ त्याहून थोडी गरमच असते.